खाण तशी माती, करवंटी तसा कोळसा

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पाण्याच्या फिल्टरवरून चांगलीच जुंपली. फिल्टरवाला मुलगा सहाव्या मजल्यावर कार्ट्रिज बदलून गेला आणि बिलात दोनशे रुपये जास्त लावून गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "काका, हा नारळाचा कार्बन आहे. आधीचा साधा होता." काकांनी बिलाचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "कोळसा उगाळावा तितका काळाच! त्यात नारळाचा काय नि दगडी काय?" पुढे अठ्ठावीस मेसेज. शेवटी कुणाला तरी आठवलं की मी तुर्भ्याला एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये चौदा वर्षं कार्बनच तपासत होते. "ताई, आता तुम्हीच काय ते सांगा."

ग्रुपवर मी दोन ओळी लिहिल्या, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही. शिवाय काकांचा प्रश्न फक्त फिल्टरपुरता नाही. चीनने १ डिसेंबर २०२३ पासून काही प्रकारच्या ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा जगभरच्या बॅटरीवाल्यांचे चेहरे उतरले. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारने महत्त्वाच्या खनिजांची जी यादी काढली, तीत ग्रॅफाइट आहे. आता सोडियमच्या बॅटऱ्यांच्या बातम्या येतात आणि त्यात 'हार्ड कार्बन' नावाचा शब्द असतो. या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा कार्बन आला कशातून?

"कार्बन म्हणजे कार्बन, त्यात वेगळं काय असणार?"

हिरा आणि पेन्सिलीतलं ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. अणू तेच, मांडणी वेगळी. पण कारखान्यात बनणारे बहुतेक कार्बन ना हिरा असतात ना चोख ग्रॅफाइट. फिल्टरमधले दाणे, टायर काळा करणारी काजळी, पोलादाच्या भट्टीतले माणसाच्या उंचीपेक्षा मोठे इलेक्ट्रोड, महागड्या सायकलच्या फ्रेममधले धागे, मोबाईलच्या बॅटरीतली पूड, हे सगळे त्या मधल्या मोठ्या मुलखातले रहिवासी.

ते बनवायची मूळ रीत मात्र एकच. कार्बन असलेला पदार्थ घ्यायचा, हवा लागू न देता तापवायचा. पाणी, वायू, डांबरासारखं जे काही उडून जायचं ते जातं, कार्बन मागे उरतो. ठाणे-रायगडच्या डोंगरांत कातकरी माणसं मातीने लिंपून कोळशाच्या भट्ट्या लावत, तेही हेच. हवा आत शिरली तर हाती राख येते, नाही शिरली तर कोळसा.

ज्या पदार्थापासून सुरुवात करायची, त्याला या धंद्यात प्रिकर्सर म्हणतात. मी त्याला मूळ माल म्हणेन. आणि त्यात मुद्दाम घातलेलं किंवा नकळत आलेलं दुसरं काही असेल, त्याला म्हणू मसाला. आमच्या लॅबमध्येही एक जुने सुपरवायझर असंच म्हणायचे: "माल काय आणि मसाला काय, ते आधी सांगा. भट्टीचं मग बघू."

आता आतली रचना. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसून सपाट पापुद्रे तयार होतात आणि ते एकावर एक रचलेले असतात, डब्यातल्या चपात्यांच्या चवडीसारखे. दोन पापुद्र्यांत अंतर ०.३३५ नॅनोमीटर. हे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून पेन्सिल कागदावर उमटते. कोळशातही पापुद्रे हेच, फक्त बारीक, वाकडेतिकडे आणि कसेही पडलेले. डब्याच्या तळाशी उरलेल्या पापडाच्या चुऱ्यासारखे. चवडीत मोकळी जागा नसते. चुऱ्यात बोटभर पापड आणि हातभर पोकळी.

एवढं समजलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणाची चवड होते आणि कुणाचा चुरा?

वितळतं की नाही, सगळं तिथेच ठरतं

सकाळी ठाणे स्टेशनवर उभं राहून पाहा. प्लॅटफॉर्मवर माणसं सैल असतात. उद्घोषणा झाली की सरकतात, वळतात, कुठे डबा लागणार ते पाहून हळूहळू रांगाही धरतात. एकदा का ती फास्ट लोकलमध्ये कोंबली गेली की संपलं. ज्या अवस्थेत आत शिरलात, एक हात वर, बॅग कुणाच्यातरी बरगडीत, मान डावीकडे, तसेच दादरपर्यंत. वळायची इच्छा कितीही असो.

डांबर तापवलं की आधी पातळ होतं. त्यातले चपटे रेणू प्लॅटफॉर्मवरच्या माणसांसारखे मोकळे असतात. चारशे-साडेचारशे अंशांच्या आसपास ते जवळ येऊन एकमेकांना समांतर लागायला लागतात आणि त्या काळ्या रसात सूक्ष्म गोळे दिसू लागतात. हे गोळे वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि मग सगळं घट्ट होतं. घट्ट होण्याआधीच रांग लागलेली असते. १९६५ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रूक्स आणि टेलर या दोघांनी या गोळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि चांगला कोक, म्हणजे डांबरासारखा माल तापवून मागे उरणारा घट्ट कार्बन, कसा बनतो ते लोकांना नीट कळलं.

करवंटी वितळतच नाही. लाकूड, करवंटी, बांबू यांच्यातले लांबलचक रेणू एकमेकांना आडव्या टाक्यांनी शिवलेले असतात, आणि तापवताना आणखी टाके पडतात. कोकणात आमच्या आजोळी करवंट्या बंबात जात. सकाळी बंबाची राख उपसताना एखादी करवंटी अर्धीमुर्धी जळून राहिलेली सापडे. काळीकुळकुळीत, पण वाटीचा आकार जसाच्या तसा, वरच्या रेषांसकट. जो आकार डोळ्यांना दिसतो, तोच हट्ट आत रेणूंच्या पातळीवरही असतो. जिथे होते तिथे कोळसा झाले.

इथे आमच्या वरच्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलीने मला बरोबर पकडलं. "मावशी, पण साखर तर वितळते. मग साखरेचं ग्रॅफाइट व्हायला पाहिजे." प्रश्न फार चांगला आहे. साखर वितळते खरी, पण तिच्यात ऑक्सिजन भरपूर. पाक लाल होऊन काळा पडेपर्यंत, म्हणजे कढईत कॅरमल करपेपर्यंत, पाणी सुटून रेणू एकमेकांना वेडेवाकडे शिवले जातात. रांग लागायच्या आतच दरवाजे बंद. म्हणून साखरेचाही चुराच होतो, चवड होत नाही. नुसतं वितळणं पुरत नाही. वितळलेलं पुरेसा वेळ राहावं लागतं.

"मग भट्टी आणखी तापवा की!"

हे सगळ्यांनाच सुचतं. पोलाद तापवून मऊ करतात, काच तापवून वळवतात, तर कोळसा तीन हजार अंशांपर्यंत तापवला की पापुद्रे सरळ का होऊ नयेत?

याचं उत्तर रोझलिंड फ्रँकलिन यांनी दिलं. डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रासाठी आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी त्यांची कारकीर्द कोळशावर घडली होती, आधी लंडनमध्ये आणि मग पॅरिसमध्ये. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी कार्बनची दोन घराणी सांगितली: तापवल्यावर ग्रॅफाइट होणारी आणि तीन हजार अंशांपर्यंत नेलं तरी न होणारी. आज पहिल्यांना सॉफ्ट आणि दुसऱ्यांना हार्ड कार्बन म्हणतात.

त्यांचं एक उदाहरण मला फार आवडतं. पीव्हीसी, म्हणजे आपल्या बाथरूमच्या पाइपचं प्लास्टिक, आणि पीव्हीडीसी, म्हणजे औषधाच्या गोळ्यांच्या काही पाकिटांवर ज्याचा पातळ थर असतो ते प्लास्टिक. दोघांत कार्बन, हायड्रोजन, क्लोरीन एवढंच. फरक इतकाच की पीव्हीसीच्या प्रत्येक दुव्यात क्लोरीनचा एक अणू आणि पीव्हीडीसीच्या दुव्यात दोन. पीव्हीडीसीत हायड्रोजन आणि क्लोरीन सारखेच असतात, म्हणून तापवल्यावर ते जोड्या लावून निघून जातात. मागे उघडा कार्बन, तोही घट्ट, पातळ व्हायची संधीच न मिळालेला. पीव्हीसीत क्लोरीन गेल्यावरही थोडा हायड्रोजन उरतो, त्यामुळे मधल्या टप्प्यावर डांबरासारखा पातळ पदार्थ तयार होतो. पीव्हीसीच्या कार्बनचं ग्रॅफाइट होतं, पीव्हीडीसीच्याचं होत नाही. आडनाव एकच, घर शेजारीशेजारी, आणि स्वभाव मात्र पुरता वेगळा.

आपल्याकडे म्हण आहे, खाण तशी माती. भट्टी कितीही तापवा, कार्बन आपली खाण विसरत नाही.

फिल्टरमधली जाळी

ज्या चुऱ्याला बॅटरीवाले इतकी वर्षं नाक मुरडत होते, तोच फिल्टरवाल्यांना हवा असतो. कारण पोकळ्या तिथेच असतात.

नुसत्या कोळशातल्या पोकळ्या बऱ्याचशा बुजलेल्या असतात. त्या उघडायला कोळसा आठशे ते हजार अंशांवर ठेवून त्यातून वाफ सोडतात. वाफ कार्बनला कुरतडते, त्याचे वायू होऊन उडून जातात आणि जिथे कुरतडलं तिथे जाळी पडते, आंबोळीला पडते तशी. याला ॲक्टिव्हेशन म्हणतात आणि तयार झालेल्या मालाला ॲक्टिव्हेटेड कार्बन. हे फुकट होत नाही. करवंटीचा कोळसा करताना वजन तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतं, आणि कुरतडण्यात त्यातलाही मोठा भाग जातो. नारळाचा कार्बन महाग का, याचं पहिलं कारण हेच.

जाळी केवढी? एका ग्रॅमला आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात, म्हणजे जवळजवळ पावणेअकरा हजार चौरस फूट. चारशे फूट कार्पेटच्या वन-बीएचकेच्या हिशेबाने पंचवीसहून जास्त फ्लॅट, चहाच्या चमच्यापेक्षा कमी जागेत. नवी मुंबईच्या कुठल्याही बिल्डरने हेवा करावा असा एफएसआय!

पण सगळे फ्लॅट एकाच मापाचे नसतात. करवंटीचा पोत दाट असतो, म्हणून तिच्या कार्बनात बहुतेक छिद्रं अतिसूक्ष्म, दोन नॅनोमीटरपेक्षा लहान. लाकडात मुळातच पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. त्याच्या कार्बनात मोठ्या मापाच्या वाटा जास्त. दगडी कोळशाचा कार्बन मधला, थोडं हे थोडं ते, आणि राख जास्त.

छिद्रं मोजायला आम्ही आयोडीन वापरायचो. कार्बनची बारीक पूड तोलायची, आम्लात क्षणभर उकळायची, थंड झाली की कोऱ्या चहापेक्षा गडद असं आयोडीनचं द्रावण घालून बरोबर तीस सेकंद हलवायचं आणि गाळायचं. चांगल्या कार्बनमधून खाली येणारं द्रावण फिकट पिवळं. मग त्यात हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, थेंबथेंब सोडायचं, स्टार्चचा निळा रंग उडाला की थांबायचं आणि आकडा लिहायचा. एक ग्रॅम कार्बनने किती मिलिग्रॅम आयोडीन धरलं, तो आकडा म्हणजे आयोडीन व्हॅल्यू. पोत्यावर, बिलावर, सगळीकडे हाच आकडा मिरवतो. नऊशे, हजार, अकराशे.

"म्हणजे आकडा मोठा तो कार्बन चांगला!"

नाही. आणि ही चूक भल्याभल्यांनी केलेली मी पाहिली आहे.

एकदा एक गिऱ्हाईक चिडून आलं. गोडाचा पाक बनवणारी मंडळी होती. पाकाचा तपकिरी रंग काढायला त्यांनी अकराशेच्या घरातला नारळाचा कार्बन घेतला होता, आणि पाकाचा रंग हलायला तयार नव्हता. "तुमचा रिपोर्ट खोटा आहे," असं सरळ तोंडावर. आम्ही दुसऱ्यांदा तपासलं. आकडा खरा होता. मग मी त्यांच्यासमोर दोन चंचुपात्रं मांडली, एकात त्यांचा कार्बन, दुसऱ्यात लाकडाचा, ज्याची आयोडीन व्हॅल्यू कमी होती. दोन्हींत त्यांचाच पाक ओतला, गरम केला, ढवळला, गाळला. लाकडाच्या कार्बनमधून आलेला पाक जवळजवळ पाण्यासारखा. नारळाचा तसाच, चहा.

आयोडीनचा रेणू लहान, तो कुठल्याही बारीक छिद्रात शिरतो. पाकाला रंग देणारे रेणू मोठे, जाडजूड. दारच अरुंद असेल तर आत पंचवीस फ्लॅट रिकामे असून काय उपयोग? म्हणून रंग काढणाऱ्या कार्बनसाठी आयोडीनऐवजी मिथिलीन ब्लूसारख्या मोठ्या रेणूची चाचणी घेतात. साखर, औषधं, खाद्यतेल अशा कामांना लाकडाचा कार्बन, आणि पाण्यातला वास किंवा हवेतली वाफ पकडायला करवंटीचा. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंट्यांचा कोळसा वापरला गेला. करवंट्या कमी पडल्या तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांकडून पीचच्या बिया गोळा केल्या गेल्या. पीचची बी फोडून पाहिली नसेल, तर खारकेची आठवा. तीही तशीच दगडासारखी. दाट, टणक मालातून बारीक छिद्रांचा कोळसा निघतो, हे तेव्हाही ठाऊक होतं.

मसाला: घातलेला, आपोआप आलेला, आणि नकोसा

लाकडाच्या कार्बनमधल्या रुंद वाटा सगळ्या झाडाच्या नसतात. बराचसा हात मसाल्याचा. लाकडाच्या भुशात फॉस्फोरिक आम्ल मुरवतात आणि चारशे ते सहाशे अंशांवर, म्हणजे वाफेच्या भट्टीपेक्षा पुष्कळ कमी तापमानाला भाजतात. आम्ल लाकडातलं पाणी ओढून घेतं आणि रेणूंच्या मध्ये ठाण मांडून बसतं, म्हणून तापताना लाकूड आक्रसत नाही. भाजून झालं की धुऊन काढायचं. आम्ल गेलं, त्याने अडवून धरलेली जागा उरली. प्रवासात सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा हा रुमाल. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर जाळी इतकी पडते की क्षेत्रफळ ग्रॅमला तीन हजार चौरस मीटरपर्यंत जातं. पण तो क्षार भट्टीचं पोलादही खातो आणि धुण्याचा खर्च नाकी नऊ आणतो, म्हणून तो माल महाग.

काही मसाला कुणी घालत नाही, तो मालाबरोबरच येतो. झाड जमिनीतून पोटॅशियम शोषतं. ते करवंटीत असतं, कोळशातही उरतं, आणि वाफेचं कुरतडणं जलद करतं. म्हणजे नारळ स्वतःचं मीठ बरोबर घेऊन येतो. मात्र हेच क्षार तयार कार्बनमध्ये राहिले तर पहिल्या पाण्यात उतरून ते अल्कधर्मी करतात. म्हणून चांगला माल आम्लाने धुऊन विकतात, आणि म्हणूनच नवीन कार्ट्रिज बसवलं की पहिलं पाणी ओतून द्यायचं असतं. त्यात काळी भुकटी दिसते तेवढंच कारण नाही.

नकोशा मसाल्याची सगळ्यात रंगतदार गोष्ट इलेक्ट्रोडची. भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या विजेच्या भट्ट्यांत ग्रॅफाइटचे जाडजूड खांब लागतात. आपल्या देशात मंडीदीप आणि दुर्गापूरला ते बनतात. रीत रव्याच्या लाडवासारखी: खनिज तेलाच्या गाळातून काढलेला दर्जेदार कोक म्हणजे रवा, आणि कोल टार पिच म्हणजे पाक. पाक कमी तर लाडू फुटतो, जास्त तर बसतो. या डांबराची आणि रस्त्यावरच्या डांबराची गल्लत नको. रस्त्याचं तेलातून येतं, हे दगडी कोळशातून. कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्यांना ते नाव पडलं, कारण नॅप्थालीन याच कोळशाच्या डांबरातून निघतं.

लाडू वळला, भाजला, आता तीन हजार अंशांच्या दिशेने न्यायचा. वाटेत दीड हजारच्या पुढे कोकमधलं गंधक एकदम वायू होऊन बाहेर धावतं आणि आख्खा खांब पुरीसारखा फुगून तडकतो. यावर उपाय म्हणून मिश्रणात आधीच थोडं आयर्न ऑक्साइड घालतात. साधा गंजच म्हणा. लोह गंधकाला धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून खांब वाचतो. लाखो रुपयांचा खांब चिमूटभर गंजावर तरतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

ॲल्युमिनियमच्या कारखान्यात गोष्ट उलटी. तिथे कार्बनचे ठोकळे जळूनच संपतात, टनभर धातूला चारशे किलोहून जास्त. कोकमध्ये व्हॅनेडियम असलं किंवा सोडियम शिरलं तर ठोकळे हवेत अवाजवी भराभर जळतात. दहा लाखांत काहीशे भाग एवढाच अंश, पण खर्चाचं गणित फिरवतो. आणि टायरच्या काजळीत? तिथे तेलाच्या ज्वाळेत पोटॅशियमचं मीठ किंचित सोडलं की काजळीचे कण एकमेकांना लांब साखळीत चिकटत नाहीत. आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून काजळ धरायची, ते याच कुळातलं.

"पण घातलेलं पाण्यात उतरत नाही का?"

ग्रुपवर एका काकूंनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त आहे. काही फिल्टरच्या कार्बनवर चांदीचा हलका लेप असतो. कार्बन जंतू मारत नाही. उलट क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे ओलसर दाण्यांवर जंतूंचं फावतं. चांदी ती वाढ रोखायला असते. तिचा सूक्ष्म अंश पाण्यात येऊ शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. नामांकित चाचणीतून गेलेलं कार्ट्रिज असेल तर घाबरायचं कारण नाही. सुट्टा, बिनलेबलचा 'सिल्व्हर कार्बन' मात्र मी स्वतः घेणार नाही.

फॉस्फोरिक आम्ल वगैरे नीट धुतलं की उरत नाही. आणि घरचा सिगडीचा कोळसा मडक्यात टाकून चालेल का, तर नाही. त्यात ना पुरेशी जाळी, ना धुलाई.

बॅटरीत मात्र पारडं फिरतं

लिथियमच्या बॅटरीत चार्ज होताना लिथियम ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतं, सहा कार्बनमागे एक लिथियम. म्हणून तिथे चवडच हवी, आणि चवड हवी तर मूळ माल वितळणारा हवा: कोक, पिच, नाहीतर खाणीतलं तयार ग्रॅफाइट. गंमत अशी की १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइट नव्हतं, कोकपासून केलेला कमी शिस्तीचा कार्बन होता. ग्रॅफाइट त्यानंतर रुळलं, योग्य द्रावक सापडल्यावर.

सोडियमचं तसं नाही. साध्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत ते नीट बसत नाही. त्याला लागतो हार्ड कार्बन: चुरा, वाकडे पापुद्रे, मधल्या बंद पोकळ्या. म्हणजे फ्रँकलिन यांनी 'कधीच ग्रॅफाइट होणार नाही' म्हणून ज्या घराण्याला वेगळं काढलं, त्याचे दिवस आले आहेत. हा हार्ड कार्बन करवंटीपासूनही बनतो. फिल्टरचा आणि हा सख्खी भावंडं, पण संस्कार उलटे. फिल्टरसाठी छिद्रांची तोंडं उघडी हवीत, बॅटरीसाठी ती बंद हवीत, नाहीतर बॅटरीतलं द्रावण आत शिरून पहिल्याच चार्जला सोडियम वाया जातं. म्हणून इथे वाफ नाही, पोटॅशियम आधीच धुऊन काढायचं, आणि भट्टी बाराशे-चौदाशे अंशांपर्यंत न्यायची. घणसोलीत ज्यांचं मोठं आवार आपण ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रोज पाहतो, त्या रिलायन्सने फॅरेडियन ही इंग्लंडची सोडियम बॅटरीची कंपनी घेतल्याचं २०२१ च्या शेवटच्या दिवशी जाहीर केलं होतं. करवंटीचे भाव कधी वाढलेच, तर फक्त फिल्टरवाल्यांमुळे वाढणार नाहीत.

मग ते दोनशे रुपये?

आपल्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, नळाला क्लोरीनचा वास असतो. क्लोरीन आणि वास काढायला बारीक छिद्रांचा, टणक, कमी राखेचा कार्बन उत्तम, म्हणजे नारळाचा. आरओचा पडदा क्लोरीनने खराब होतो, म्हणून त्याच्या आधी कार्बन लागतोच. चांगल्या दगडी कोळशाचा कार्बनही हे काम करतो, फक्त भुकटी जास्त सोडतो. टीडीएसचं मीटर लावून कार्बन तपासू नका. विरघळलेले क्षार काढणं त्याचं कामच नाही, आकडा तोच राहणार. फिल्टरवाल्याला आयोडीन व्हॅल्यू विचारा. आणि दोनशे रुपये वाचवून तेच कार्ट्रिज दोन वर्षं चालवणार असाल, तर कशाचाही कार्बन असो, फ्लॅट सगळे भरलेले असतात.

रविवारी काका जुनं आणि नवं, दोन्ही कार्ट्रिज घेऊन खाली आले. हॅक्सॉने आम्ही दोन्हींची टोकं कापली. नव्याचे दाणे स्टीलच्या ताटलीत ओतले तर कंच्यांसारखे टणटण वाजले. जुन्याचे थपकन पडले आणि बोटं काळी झाली. काकांनी दोन्ही मुठींत धरून पाहिलं, वास घेतला, मग म्हणाले, "दीडशे तरी वाजवी वाटतात." आणि जाता जाता, "हे जुनं तुळशीच्या कुंडीत घातलं तर चालेल का गं?"

चालेल म्हटलं. पण आधी भिजवून घ्या, नाहीतर वारा सुटला की वरच्या मजल्यावरून सगळ्यांच्या वाळवणावर उडेल.